मोरटक्क्याच्या पुलाअलीकडे

शनि. १५ नोव्हें., मांडू

निघायचं सहाला ठरलं होतं. निघालो साडेसातला, कारण मेहुण्याच्या नव्या गाडीला आधी हार घालायचा होता. दिलीप बोलतो तशीच गाडी चालवतो: हॉर्न जास्त, ब्रेक कमी.

बेटम्याला पोहे. मी म्हटलं, वरचं तिखट जिरावन कमी पडलंय. वसू म्हणाली, "स्वतःतलं घाला थोडं." आमच्या संसारात तिनं केलेला पहिला बरा विनोद. तसं तिला सांगितलंही.

सागर तलाव. इतक्या उंचावर इतकं निवांत पाणी पाहून मला काहीतरी सुचणार होतं, तेवढ्यात दि.नं रील काढायला घेतली. वसू तळ्याच्या काठानं चालत सुटली. अनवाणी, गुडघ्याला पट्टा. लांबवर जाऊन लंगडत परतली. दि.नं विचारलं, "ताई, जमेगा ना?" तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मोबाइल खिशात ठेवला. काय जमेगा, ते मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. भाव खायचा मक्ता एकट्या दि.चा नाही.

तिची पिशवी उचलून पाहिली. कांबळं, तांदूळ, कमंडलू. दोन दिवसांची सहल! म्हणे, "ठंड असते इकडे."

दिवाळीत परिक्रमेचं काढलं होतं तिनं. नर्मदेची, पायी. मी म्हटलं होतं, आधी मंडईपर्यंत पायी जाऊन दाखव. तेव्हापासून भाजी मी आणतो.

रवि. १६, ओंकारेश्वर, दुपार

दर्शन झालं. बेटावरून परत अलीकडे, ममलेश्वराच्या बाजूला, दक्षिण काठावर आलो. वसूला घाटावर संकल्प सोडायचा होता. परिक्रमेचाच. म्हटलं, सोड. संकल्पाला काय, पाणीच तर लागतं.

गुरुजी तोंडात पान ठेवून सुरू झाले: मार्गशीर्ष मास, कृष्ण पक्ष. मी हात वर केला. आमचा कार्तिक अजून संपायचाय. इथल्यांचा महिना पौर्णिमेला उलटतो, आम्हा मराठी लोकांचा अमावास्येला. चार पिढ्या माळव्यात राहून एवढं एक आम्ही सोडलेलं नाही. गुरुजी म्हणाले, "इधर तो यही चलता है, बाबूजी." मी म्हटलं, चालत असेल, बायको माझी आहे.

"तो आप ही बोल दो," म्हणून त्यांनी पळी माझ्या हातात दिली.

मग मीच सांगितला. देश, काल, गोत्र, नाव, सगळं स्वच्छ. वसूनं मध्येच विचारलं, "पायी जाणार, ते आलं का त्यात?" म्हटलं, घालतो, तुझ्या गुडघ्यांना तेवढीच करमणूक. घातलं. बऱ्याच वर्षांत इतकं चांगलं म्हटलं नव्हतं. तिनं पाणी सोडलं आणि मला वाकून नमस्कार केला. आमच्यात ही पद्धत नाही. मला बरं वाटलं.

सोम. १७, इंदूर

मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल येण्याआधी वसू म्हणाली, "दिलीप, रोक."

मला वाटलं, तिला मळमळतंय. ती पिशवी घेऊन उतरली.

"पूल नाही ओलांडता येणार मला."

नियम मीच वर्गात दरसाल सांगतो. परिक्रमा उचलली की रेवा उजव्या हाताला, समुद्राशी पोचेपर्यंत ओलांडायची नाही. घर पलीकडे. मी म्हटलं, अगं, तो नुसता उपचार होता. ती म्हणाली, "तुम्ही म्हटलात ना? तुमच्या तोंडचा संकल्प, उपचार?" मी म्हटलं, मी गंमत करत होतो. "हो. कायमच करता. एकदा माझ्या कामी आली."

मागे ट्रक ओळीनं हॉर्न देत होते. दि.ला म्हटलं, समजाव बहिणीला. तो म्हणाला, "जिजाजी, मैं तो सोडायलाच आलो होतो." म्हणजे सगळं ठरलेलं. गाडी, तलाव, कांबळं. ठरलेलं नव्हतं ते एवढंच, की संकल्प मी सांगेन.

पुलावरून मागे वळून पाहिलं नाही. आरशात पाहिलं. ती नदी उजवीकडे ठेवून निघाली होती.

घरी उतरताना दि.च्या नव्या गाडीचं दार मुद्दाम जोरात लावलं.

बुध. १९

शेजारचे शर्माजी: "भाभीजी नहीं दिख रहीं?" म्हटलं, पुण्याला गेल्यात. संस्कृत शिकवतो आणि खोटं बोलतो. दोन्ही सफाईनं.

फोन तिच्याकडे आहे, पण ती फक्त दि.ला करते. गुडघ्याचा पट्टा गाडीतच राहिला. दि.नं आणून दारातल्या खुर्चीवर ठेवला, आत आला नाही. म्हणाला, "ताई विचारत होती, जेवता का." म्हटलं, सांग तिला, उत्तम. मग करपलेली खिचडी जेवलो.

शुक्र. २१

दि.चा फोन. "उद्या ताई नावडाटोडीला मुक्काम करणार. महेश्वरच्या समोर. पांव सूज गए हैं." तू घेऊन ये तिला, म्हटलं. "नाही येणार ती. आपको जाना हो तो जाओ."

शेवटी मीच फोन लावला. तिनं उचलला. मी सगळे मुद्दे क्रमानं मांडले: वय, गुडघे, थंडी, लोक काय म्हणतील. ती ऐकून म्हणाली, "झालं? मी नदी ओलांडून तिकडे येणार नाही. तुम्ही या म्हणतही नाही. तुम्हाला नदी अडवत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा."

अपमान करावा तर असा.

शनि. २२, महेश्वर

बसनं आलो. मानपूरच्या पुढे घाट उतरताना दोनदा वाटलं, उतरावं आणि परत फिरावं. घाटावर बसलोय. समोरच्या काठावर पांढरी लुगडी चारसहा दिसतात. यातली माझी कोणती, सांगता येत नाही. जवळच राहणारं माणूस इतक्या लांबून ओळखायची वेळ कधी आली नव्हती.

पट्टा झोळीत आहे. कांबळंही घेतलंय, का ते विचारू नये. मुद्देही आहेत, नव्यानं जुळवलेले. पहिला मुद्दा तिची चूक. दुसराही.

नाववाल्यानं मघाशीच विचारलं, "बाबूजी, आना-जाना, के बस जाना?"

म्हटलं, आधी बसू तर दे.

आता नावेत लिहितोय. अक्षर हलतंय. मध्यावर आलो. तो पुन्हा विचारतोय.