रायपूरले अडकलेलं चाक

विशाखापट्टण बंदर,
ता. ६ जानेवारी १९६४

ती. सौ. सिंधुताईस,
तुझ्या भटक्या भावाचा, कवडूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र भेटलं. भाऊजींचा खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. मी इकडे मजेत आहे, म्हणजे जेवतो, झोपतो अन् दोर आवळतो. आमच्या टोळीचा मुकादम धोंडबा आपल्या तुमसरकडचाच निघाला. दिवसभर शिव्या देते, पण मराठीत देते म्हणून गोड लागतात.

तू विचारलं की तुझं काम तरी काय आहे रे बाप्पा. ऐक मंग. तुमच्या भिलाईच्या पोलादाच्या प्लांटचं सामान रशियात ओडेसा नावाच्या बंदरात बोटीवर चढते. बोट सुवेझच्या कालव्यातून निघून इथं लागते. क्रेन सामान उचलून रेल्वेच्या वॅगनीवर ठेवते, अन् तिथून आमची पाळी. खालून लाकडाचे गुटके ठोकायचे, वरून तारेचे दोर आवळायचे, की डोंगरातल्या वळणावर काही हलू नये. मंग वॅगन रायपूरवरून तुमच्या चरोद्याच्या यार्डात, तिथून प्लांटात, तिथून ट्रेलरवर. समुद्र, रेल्वे अन् सडक, तिन्ही पाहून घेते ते सामान. अन् मी मधातच उभा.

खरं सांगू? मले त्या पेट्यांचा हेवा वाटते. त्यायनं ओडेसा पाहिला अन् आता चरोदाही पाहतील. काल एका पेटीच्या फटीतून तिकडलं गवत निघालं, पिवळं, आपल्या तणसासारखं. मी नाकाले लावलं, पण वास काही आला नाही. इथं सुक्या मासोळीपुढं कशाचाच वास येत नाही. घरमालकीण छपरावर मासोळी वाळवते अन् कावळे हाकलायले मलेच बसवते. कावळेही इकडले तेलुगूच समजतात, माझं ऐकत नाहीत.

कुठून कुठं गेलो. मुद्दा हा की तुझ्या अख्ख्या पत्रात बाबुलालच बाबुलाल होता. बाबुलाल क्रेन ऑपरेटर झाला, बाबुलाल सहा महिने रशियात शिकून आला, बाबुलालनं कांताच्या आईले गुलाबाच्या फुलांचा रुमाल आणला. कावून आणला? चरोद्याले त्याचं काय काम? कांताचे बाबा दौलतराव आपल्या भाऊजींचे मामेभाऊ आहेत, बाबुलालचे कोणीच नाहीत. दिवाळीत कांता तुझ्या घरी आलती, तेव्हा मी केलेली चकली पाहून ती इतकी हसली होती की तिले ठसका लागला. तवापासून माझं मन कुठं आहे हे तुले ठाऊक आहे. माझं नाव दौलतरावांजवळ काढलं का नाही, ते साफ लिही.

भाऊजींस नमस्कार. लोभ आहे तितका राहू दे, वाढवला तर मी नाही म्हणणार नाही.

तुझा,
कवडू

रुआबांधा, भिलाई,
ता. १६ जानेवारी १९६४

चि. कवडूस,
सिंधुताईचे अ. उ. आ. वि. वि.

तीळगूळ पाठवला असता, पण तुझा पत्ता पुढच्या महिन्यात तोच राहील याचा भरवसा नाही. म्हणून कागदावरच घे आणि गोड बोल. तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, या पोट्ट्याले पेटीचाही हेवा वाटून राहिला, उद्या म्हणेल इंजिनले कोळसा देतात अन् मले नाही देत.

आता साफ लिहिते. तुझं नाव मी काढलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाले चरोद्याले गेली होती. दौलतराव ड्यूटीवरून आले होते, रेल्वेच्या गार्डाचा पांढरा कोट अंगावरच होता. सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाले, वहिनी, पोरगा हसरा आहे, हातचा मेहनती आहे, पण तो एका जागी टिकते का? आता तूच आठव. गोंदियाची बिडी सोडली, सर्कशीचा तंबू सोडला, ह्यांनी प्लांटात कोक ओव्हनच्या भट्टीवर लावून दिलं तर जेवणाच्या सुट्टीत गेलास तो परत आलाच नाहीस. ह्यांले अजून तिथला फोरमन त्यावरून चिडवते.

पण दौलतरावांनी नाही म्हटलं नाही, हे ध्यानात ठेव. बाबुलालची माय भागाबाई अन् मामा २ फेब्रुवारीले, रविवारी, बोलणी करायले येणार आहेत. दौलतराव म्हणाले, कवडूले खरंच गरज असेल तर त्याच्या आधी स्वतः येऊन बोलू दे, मी दोघायचंही ऐकीन, अन् शेवटी कांता म्हणेल ते. कांता दाराआड उभी होती. मी निघताना तिनं तुझ्या चकलीचा विषय काढला, एवढंच सांगते. जास्त फुगू नको.

बाबुलाल वाईट नाही रे. सेक्टर १० मध्ये त्याले क्वार्टर भेटलं आहे. आला की मले भाभी भाभी करते अन् पाण्याची बादली स्वतः उचलते. तुले हे वाचून राग येईल म्हणूनच लिहिलं.

ये, पण सुट्टी मागून ये, पळून येऊ नको.

तुझी ताई,
सिंधु

विशाखापट्टण,
ता. २५ जानेवारी १९६४

ती. सौ. ताईस,
कवडूचा सा. न. वि. वि.

बादली उचलते म्हणे! मी काय तुझ्या घरी बादल्या नाही उचलल्या? रशियात जाऊन बादली उचलणं शिकून आला असंल.

आता खुशखबर ऐक. मी येऊन राहिलो, अन् तेही साहेबासारखा. ओडेसाहून रोलिंग मिलचं एक दातेरी चाक आलं आहे. इतकं मोठं की सरळ ठेवलं तर पुलाले लागेल, म्हणून खोल पोटाच्या वॅगनीत तिरपं टेकवलं आहे. चाक असून स्वतः चालत नाही, नवरदेवासारखं बसून येते. असं सामान फक्त उजेडात चालते, तेही बैलगाडीच्या चालीनं. त्याच्यासंगं टोळीतला एक माणूस जाते, एस्कॉर्ट म्हणतात त्याले. गाडी थांबली की उतरून गुटके ठोकायचे, दोर पाहायचे, अन् भिलाईत सामान ताब्यात देईपर्यंत वॅगन सोडायची नाही. धोंडबाच्या मागं लागून लागून मी ते काम मागून घेतलं. तो म्हणाला, तू अन् एका जागी बसशील? मी म्हटलं, जागा चालती असली तर बसीन.

शुक्रवारी पोचतो. भाऊजींले घेऊन शनिवारी चरोद्याले जाऊ. चाक चरोद्याच्या यार्डात शिरेल तेव्हा कांताले क्वार्टरच्या यार्डाकडच्या मागच्या दारी उभं राहायले सांगजो. म्हणजे सांगू नको, आपोआप उभी राहील असं काहीतरी कर.

एकच गोष्ट खुपून राहिली. प्लांटात हे चाक उतरवणारी क्रेन कोण चालवते, विचारलं. तुझा बादलीवाला.

आशीर्वाद आधीच देऊन ठेव, मंग गडबडीत राहून जाईल.

तुझा,
कवडू

रायपूर माल यार्ड,
ता. ३ फेब्रुवारी १९६४

ती. सौ. ताईस,
कवडूचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या घराजवळ येऊन गेलो अन् तुले भेटलो नाही. तुले एव्हाना कळलंच असंल, पण माझ्या तोंडूनही ऐक.

शुक्रवारी आमची गाडी रायपूरले आली अन् चाकाची वॅगन गाडीपासून सोडवून सायडिंगवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, लावली. पुढची लाइन मोकळी नाही म्हणाले. शनिवारही तसाच गेला. मी वॅगनीखाली बसून होतो अन् डोळ्यापुढं सारखा बाबुलाल, रुमाल, भागाबाई. इथं एक चणेवाला आहे, तो चण्यावर कच्चा आंबा किसून टाकते, या दिवसात आंबा कुठून आणते देव जाणे. त्याच्याशी बोलत बसलो तरी जीव लागेना. रविवारी सकाळी दुर्गची लोकल समोर येऊन उभी राहिली. मी चढलो. विचार केलाच नाही ताई, पाय चढले.

चरोद्याले पोचलो तर बाबुलालची मंडळी आधीच सतरंजीवर बसलेली. दौलतरावांनी मले पाणी दिलं, बसवलं. मी सुरू झालो. चाक केवढं, ओडेसा कुठं, वळणावर वॅगन कशी कलते, मी गुटके कसे ठोकले. भागाबाईसुद्धा तोंड उघडं ठेवून ऐकत होती. मले वाटलं, आज बाबुलालच्या रशियाले मी मागं टाकलं. तोही कान देऊन ऐकून राहिला होता.

मंग दौलतरावांनी शांतपणे विचारलं की चाक कोणत्या लाइनवर उभं केलं, यार्डात तर दिसलं नाही. मी म्हटलं, रायपूरले सायडिंगवर आहे. त्यांनी विचारलं, संगं कोण आहे?

ताई, मी एका गार्डाच्या घरात बसून म्हटलं, कोणीच नाही.

कांता चहाचा ट्रे घेऊन दारात आलती, तिथंच थांबली. दौलतराव रागावले नाहीत. रागावले असते तर मी उत्तर दिलं असतं. ते फक्त म्हणाले की परतीची लोकल आता येईल, चहा घे अन् निघ. बोलला तो बाबुलाल. घाबऱ्याघाबऱ्या उठला अन् मले विचारू लागला की निघताना गुटके पाहिले होते का, ते तिरपं आहे, सरकलं तर खाली कोणी असंल तर? मी आठवून पाहिलं. पाहिले नव्हते.

स्टेशनवर मले त्यानंच सोडलं. त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून गेलो, पाय वर धरून, लहान पोरासारखा. वाटेत म्हणाला, कवडू भाई, डरो मत, कुछ नहीं हुआ होगा. त्याले ढकलून द्यावंसं वाटत होतं, पण तोल गेला असता तर मीही पडलो असतो.

चाक जागच्या जागी आहे. एक गुटका ढिला झाला होता, तो ठोकला. खाली एक बकरी बसली होती, तिले हाकललं. आता इथून हलणार नाही. हे दौलतरावांले सांगजो. अन् कांता काय म्हणाली ते मले लिही, भिलाईच्या माल ऑफिसच्या पत्त्यावर. खरं तेच लिही.

तुझा,
कवडू

रुआबांधा,
ता. १४ फेब्रुवारी १९६४

चि. कवडूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र ह्यांच्या हातीच माल ऑफिसात पाठवते. तू खरं लिही म्हणालास म्हणून लिहिते. चार दिवस कागद समोर घेऊन बसली होती.

मी चरोद्याले जाऊन आली. दौलतराव तुझ्यावर नाराज नाहीत. उलट कांताले म्हणाले की पोराचं वय आहे, तुझ्यासाठीच धावत आला, गेला तसा परतही गेला, मी त्याले माफ करतो. म्हणजे बघ, बाप तुझ्या बाजूनं होता. पण कांता मले स्वयंपाकघरात घेऊन गेली. तवा चुलीवर होता, तिची भाकर करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. म्हणाली, सिंधुताई, तो माझ्यासाठी आला हे मले कळते. मले त्याच्यासंगं हसायले येते, बाबुलालसंगं नाही येत. पण तो मलेही एखाद्या सायडिंगवर ठेवून जाईल अन् दुसरीकडे कोणाले तरी सांगत बसेल की ती कशी होती.

मी तुझ्या बाजूनं खूप बोलली रे. भांडलीसुद्धा. ती रडली, पण फिरली नाही.

बाबुलालसंगं पक्कं झालं. वैशाखात लग्न आहे, चरोद्यालेच. त्यानं मले बजावून सांगितलं की कवडूले बोलवा, नाही तर मले वाईट वाटेल. मी म्हटलं, तू नको सांगू, मी सांगते.

चाकाचं काम झालं की सरळ घरी ये. खीर करते. लग्नाले यायचं का नाही ते मंग ठरवू, पण माझ्याकडे ये.

तुझीच,
ताई

विशाखापट्टण,
ता. १ मार्च १९६४

ती. सौ. ताईस,
कवडूचा शि. सा. न. वि. वि.

खीर खायले आलो नाही, रागवू नको. तुझ्या घरी आलो असतो तर रडलो असतो अन् भाऊजींनी पाहिलं असतं.

चाक पोचवलं. चरोद्याहून जाताना क्वार्टरांच्या मागच्या दारी कोणी नव्हतं. मी पाहिलं, खोटं कावून बोलू? प्लांटात बाबुलाल क्रेनवर होता. इतकं अवजड चाक त्यानं असं उचललं की झोपेतल्या लेकराले पाळण्यातून काढावं. मी खाली उभा राहून पाहत होतो अन् मनात म्हणत होतो, हिसका बसू दे, एक तरी हिसका बसू दे. नाही बसला. मंग खाली उतरून त्यानं माझा हात हातात घेतला अन् साहेबांपुढं म्हणाला की बांधणी पक्की होती. मले त्याचा राग येईना, त्याचाच जास्त राग आला.

पत्र त्याच दिवशी भेटलं. कांता म्हणते ते मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा नाही वाचलं.

दुसरी बोट लागली आहे. धोंडबानं न मागताच एस्कॉर्टचं काम मलेच दिलं, मी परत आलो याचंच त्याले नवल वाटून राहिलं. वैशाखात पुन्हा वॅगनीसंगं तिकडेच येणं होईल. लग्नाच्याच दिवशी चरोद्याच्या यार्डात उभा असलो अन् वाजंत्री ऐकू आली, तरी मी खाली उतरणार नाही. राग म्हणून नाही. वॅगन सोडता येत नाही म्हणून. हे कांताले सांगू नको. म्हणजे सांगितलं तरी चालेल.

भाऊजींस नमस्कार. लोभ सगळाच्या सगळा त्या नव्या जावयावर खर्चू नको, थोडा माझ्या नावानं बाजूले ठेवजो.

तुझा,
कवडू