सगळ्यांपेक्षा उजवा माउस

४ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. पुढे मुलाखती द्याव्या लागतील, तेव्हा तपशील हाताशी असलेले बरे. कंपनीचा पहिला गेमिंग माउस डिझाइन करायचं काम साहेबांनी मला दिलं. आमच्याच विभागातला कीबोर्डवाला त्यावर टपून बसला होता, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. साहेब म्हणाले, आपला माउस बाजारातल्या सगळ्यांपेक्षा उजवा झाला पाहिजे. झाला तर डिझाइन-प्रमुखाची केबिन माझी. बायकोला केबिनचं सांगितलं. आधी माउस होऊ दे, म्हणाली.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे.

५ जून
साडेआठला उठलो. कल्पक डोक्याला झोप लागते.

९ जून
मातीचा गोळा घेतला, डोळे मिटले आणि मुठीत दाबला. मोजमाप नाही, सर्वेक्षण नाही. बोटं उमटली तिथं बटणं, अंगठा उमटला तिथं खाच. हात असा बसला की काढवेना. बाकीच्या कंपन्या संशोधनात उगाच वर्षं घालवतात.

१७ जून
प्लास्टिकचा नमुना आला. आत काही नाही, नुसता धरून बघायचा. बायकोनं धरला. करंगळीला टोचतंय, म्हणाली. नाजूक आहे, दुसरं काय. मेहुणा दिवसभर गेम खेळतो, म्हणून त्याला दिला. त्याचा अंगठा खाचेत जाईना. अंगठाच आखूड असणार. सासरचा माणूस, म्हणून बोललो नाही.

२५ जून
तीन खेळाडू चाचणीला बोलावले. तिघांनीही नाकं मुरडली. एक म्हणाला, मनगट मोडेल. वाईट माउस वापरून यांचे हात बिघडलेत. सोबत माहितीपत्रक द्यावं लागेल. कारखान्याला पाचशे नगांची ऑर्डर देऊन टाकली. चांगल्या कामाला उशीर कशाला?

२७ जून, जेवणानंतर
टेबल पुसताना बायकोनं नमुना डाव्या हातानं उचलला. आता झकास बसतोय की, म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या चमच्याकडे पाहिलं आणि मी डावखुरा असल्याची आठवण करून दिली. म्हटलं, लहानपणापासून माहीत आहे. ती बघतच राहिली. जरा वेळानं मीही बघत राहिलो. 
कारखान्याला फोन केला. पाचशेच्या पाचशे कवचं ओतून तयार.

२८ जून
डोकं शांत आहे. ही चूक नव्हेच, हेरलेली संधी आहे. जगात इतके डावखुरे, बिचाऱ्यांना कुणी वाली नाही. आता मी आहे. भाषण पाठ केलं. शेवटच्या वाक्याला मलाच गहिवरून आलं.

२ जुलै
सादरीकरण. साहेबांनी माउस उजव्या हातात घेतला, मग डाव्या, मग टेबलावर ठेवला. मी उजवा म्हणालो होतो, एवढंच बोलले. मी भाषण केलं. गहिवरलो एकटाच.
ऑफिसात माझ्याशिवाय डावखुऱ्या फक्त हिशेबाच्या बाई. मोठ्या आशेनं त्यांना बोलावलं. त्या म्हणाल्या, लिहिते डाव्या हातानं, पण माउस पहिल्यापासून उजव्याच. जाईन तिथं तो उजवीकडेच ठेवलेला असतो, मग तशीच सवय लागली. साहेबांनी मला विचारलं, तुम्ही स्वतः कोणत्या हातानं चालवता?
बघून सांगतो, म्हणालो.
माझ्या टेबलापाशी आलो. माउस उजवीकडे. खालचं पॅडही तिथंच झिजलेलं. सांगायला परत गेलो नाही.
केबिन कीबोर्डवाल्याला मिळाली, हे सांगायला तोच आला. वाईट वाटलं, फार वाटलं. पण दाखवलं नाही. अभिनंदन म्हणून हात पुढे केला. हातात घेण्याआधी त्यानं तो कोणता आहे ते पाहिलं.