एलोयचं ताट

सान तेल्मो,
२१ सप्टेंबर २००६

प्रिय नार्सिसा बाय,

थोरल्या बहिणीकडून तुला मायेचा आशीर्वाद. इथे सगळं ठीक आहे, माझे गुडघे सोडून. तिकडे समुद्रापलीकडे मुर्सियात लिंबाच्या बागेत वाकून वाकून तुझी पाठ कशी आहे ते कळव. आपल्या आईचीच पाठ आहे ती, जपून वापर.

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू ते दोनदा उलटंपालटं केलं असशील. बरोबरच आहे. तीन वर्षं मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि लाउतारोकाकांच्या दुकानात तुझा फोन आला की घरी नाही म्हणून सांगायला लावलं. राग गेलाय असं समजू नकोस. आहे तिथेच आहे. पण एक गोष्ट अशी झाली आहे की ती दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

माझ्याकडे एक विद्यार्थिनी राहायला आली आहे. वरच्या गल्लीत परदेशी पोरांना स्पॅनिश शिकवायची शाळा निघाली आहे, तिथली. नाव सिल्के, जर्मनीची. लांबलचक हातपाय, नाकाची कातडी सोललेली, आणि भूक अशी की बघत राहावं. शाळेवाल्यांनी विचारलं, रुफिनाबाई, खोली आहे का? मी म्हटलं, मुलाची, एलोयची सोडून दुसरी आहे. मागची झोपाळ्याजवळची दिली.

शिकायला आली म्हणे. सकाळी वर्गात जाते, परत येते, टॉवेल उचलते आणि थेट किनारा. मग दिवसभर वाळूत लोळण, पुस्तक पोटावर पालथं. या महिन्यांत इथे ऊन कुठलं आलंय, तुला माहीतच आहे. आभाळ राखाडी, भुरभुर चाललेली, पाणी गारठलेलं, आणि ही आपली निवांत पसरलेली. मी म्हटलं, "अगं, तुझ्या आईबापाने एवढ्या लांब पाठवलं ते काय वाळू तापवायला?" तर हसून म्हणते, "मावशी, मी शाळेपेक्षा तिथेच जास्त शिकते."

आणि खरंच शिकते गं. आली तेव्हा पाणी मागायलासुद्धा वही उघडायची. आता कोळणींशी घासाघीस करते, तीही अगदी आपल्या गावचा हेल काढून. कोण शिकवतं म्हणून विचारलं. म्हणाली, किनाऱ्याच्या टोकाला एक निळी बोट पालथी पडली आहे ना, तिथे एक जण येऊन बसतो. शिकवत काही नाही, नुसत्या गप्पा मारतो. मी म्हटलं, "एवढ्यात जमवलंस होय?" "छे हो. तो फक्त बोलतो आणि खातो. माझा डबा रोज तोच संपवतो."

निळी बोट म्हणजे एलोयचीच. तळ फुटून एकटी परत आली तेव्हापासून तिथेच आहे, मी कुणाला हात लावू दिलेला नाही. एलोय अजून आलेला नाही. आला की तो बघेल तिचं काय करायचं ते.

तर परवा मी कोर्विचे तळत होते. सिल्के मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "म्हातारे, कडा जरा करपू दे ना." नार्सिसा, केळ्याच्या त्या वड्याची कडा करपवून मागणारं आणि आधी कडाच कुरतडून खाणारं या घरात एकच माणूस होतं. आणि मला म्हातारे म्हणणारंही तेच. मी झारा धरून तशीच उभी राहिले. ती गोंधळली. "चुकलं का माझं? तो म्हणाला, घरच्या बाईला इथे असंच म्हणतात." मी म्हटलं, नाही, काही चुकलं नाही.

कडा करपवून दिल्या.

पुढल्या महिन्यानंतर मृतांचा दिवस येईल. सेगुंदोचं ताट मी मांडीन, दारातून हाक मारून त्याला जेवायला बोलावीन, नवऱ्याला मी माझ्या हाताने मूठमाती दिली आहे. पण ज्याला पुरलेलं नाही त्याचं ताट मांडायचं नसतं. तू तिकडे परस्पर एलोयचं ताट मांडलंस, वर दारात उभी राहून त्याच्या नावाने हाक मारलीस, आणि तेही मला फोनवर सांगितलंस. माझ्या जिवंत पोराचं ताट मांडलंस, बाय. ते मी विसरलेले नाही.

काळजी घे.
रुफिना


सान तेल्मो,
१६ ऑक्टोबर

नार्सिसा,

तुझा निरोप लाउतारोकाकांनी सांगितला. "त्या पोरीला दुसऱ्या घरी पाठव." बस, एवढंच? एवढ्या वर्षांनी बहिणीला सांगायला तुझ्याकडे एवढंच होतं?

पाठवणार नाही. ती इथे खूश आहे. वर्गात जायचं जवळजवळ सोडलंच आहे तिने, सकाळी उठली की किनारा. मी आता दोन डबे भरते. एक तिचा.

तू म्हणशील, रुफिनाला वेड लागलं. मलाही आधी तसंच वाटलं, म्हणून मी पारखून घेतलं. तिला म्हटलं, विचार तुझ्या मित्राला, हनुवटीवर खूण कसली? संध्याकाळी उत्तर घेऊन आली. लहानपणी वडिलांच्या गळाचा आकडा लागला होता, आणि आईने वडिलांना दिवसभर जेवू घातलं नव्हतं. घरात एलोयचा एकही फोटो मी भिंतीवर ठेवलेला नाही, लोक येऊन त्यापुढे फुलं ठेवायला लागले होते म्हणून. तिला कुठून कळणार?

आता रोज ती आली की आधी मी तिला बसवते आणि विचारते, आज काय म्हणाला. बाय, दिवसभर मी त्या एका घटकेची वाट बघते. म्हणतो, थंडी वाजते. त्याचे कपडे कधीच वाळलेले नसतात म्हणे. घर कुठे विचारलं तर आमच्या चुलीच्या धुराकडे बोट दाखवतो. मग मी निरोप दिला की घरी का येत नाहीस. त्यावर म्हणाला, "धूर दिसतो, पण कोणी हाक मारत नाही. हाक मारल्याशिवाय कसा येऊ?"

हाक कसली ते तुला आणि मला कळतं, तिला नाही. ताट मांडून, दारातून नाव घेऊन एकदा हाक मारली की मग गल्लीभर झालं, माणूस गेला. मग पाद्री येणार, बायका काळे कपडे घालून येणार, शाळकरी पोरी त्याच्या नावाची मेणबत्ती लावणार. मी नाही मारणार ती हाक. तो बोलतोय, जेवतोय, माझी चौकशी करतोय. मेलेलं माणूस असं असतं का?

लाउतारोकाका काल दुकानातून उठून मुद्दाम घरी आले. म्हणाले, "रुफिना, ती पोर तिथे एकटीच असते. एकटीच हसते, एकटीच मान डोलावते. आधी बोटीपाशी बसायची, आता रोज थोडी पाण्याकडे सरकते. तू तिला काय देऊन पाठवतेस?" मी म्हटलं, जेवण देते, तुम्हाला हवंय का? काकांनी टोपी घातली आणि गेले.

त्यांनी सांगायची गरज नव्हती. तिचे केस आताशा वाळत नाहीत, ते मला दिसतं. उशी सकाळी ओली असते, चादर झटकली की मीठ पडतं. भूक गेली तिची. नाकाची कातडीही सोलत नाही, सगळी कशी फिकट झाली आहे. आणि म्हणते, मृतांच्या दिवशी तो तिला खडकापलीकडे फिरवून आणणार आहे, त्याच्या बोटीतून. तळ नसलेल्या बोटीतून, नार्सिसा.

मी तिला जाऊ नको म्हटलं नाही. म्हणायला तोंड उघडलं होतं. मग वाटलं, ती गेली नाही तर त्याच्याकडचं मला कोण सांगेल.

आज तिच्या आईचा फोन आला होता दुकानात. बिचारीला आपली भाषा येत नाही, कागदावर लिहून आणलेलं वाचत होती बहुतेक. माझी मुलगी लिहीत नाही, माझी मुलगी बरी आहे ना, बाई? दोनतीनदा तेच विचारलं.

मी म्हटलं, बरी आहे.

रुफिना


सान तेल्मो,
३ नोव्हेंबर

माझ्या नार्सिसा बाय,

काल काय झालं ते लिहिते. शांत बसून वाच.

सकाळी मी सेगुंदोचं ताट मांडलं. पांढरा कपडा, सुका मासा, उसाची दारू, त्याची ती घाणेरडी तंबाखू. चूल पेटलेली होती, कोर्विचे तळत होते. सिल्के टॉवेल खांद्यावर टाकून आली. मी डबा पुढे केला तर म्हणाली, "आज नको, म्हातारे. तो म्हणाला, आजपासून डबा लागणार नाही. सोबत असली की भूक लागत नाही."

असं म्हणाली आणि छान हसली. दाराबाहेर पडली.

मी डबा हातात धरून उभी. दारातून तिची पाठ दिसत होती, केसांतून पाणी गळत होतं, आणि सकाळपासून तिने आंघोळ केलेली नव्हती. मला तिच्या आईचा आवाज आठवला, तो वाचून दाखवल्यासारखा. बाय, त्या बाईलाही उद्या कोणीतरी फोन करून सांगेल की टॉवेल सापडला, मुलगी नाही. मग तीही एक खोली बंद करून ठेवील. फोटो काढून ठेवील. कोणी ताटाचं नाव काढलं की सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकील. आणि हे तिच्यावर मी आणलेलं असेल. माझ्या पोराने नाही. तो फक्त उपाशी होता, त्याला कोणी बोलावलं नाही म्हणून तो जी मिळाली तिला बोलावत होता.

मी आत गेले. सेगुंदोच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढली. एलोयचा निळा कप मी फडताळाच्या मागे लपवला होता, तो काढला, कॉफी ओतली, चार चमचे साखर. कोर्विचे पुन्हा कढईत टाकून कडा काळ्या होईपर्यंत तळले. तेल उडून मनगट भाजलं, ते अजून दुखतंय.

मग दारात आले. गल्लीत बायका आपापल्या दारांत होत्याच, त्या दिवशी असतात तशा. समोर खाली सिल्के पाण्यात शिरली होती. गुडघ्यापर्यंत, मग मांड्यांपर्यंत. एक हात बाजूला धरलेला, कोणीतरी हात धरून नेत असावं तसा.

मी तिला हाक मारली नाही. मी म्हटलं, "एलोय, बाळा, ये. ताट मांडलंय. जेवायला ये."

आवाज चिरकेल असं वाटलं होतं. चिरकला नाही. सगळ्या गल्लीने ऐकलं. लाउतारोकाकांनी दुकानाच्या पायरीवर टोपी काढली, आणि नार्सिसा, ती टोपी निघाली तेव्हा मला कळलं की आता परत फिरणं नाही.

खाली सिल्के थांबली. कमरेइतक्या पाण्यात वेड्यासारखी इकडेतिकडे बघत होती. मग थंडीने कुडकुडत, रडत वर आली. म्हणाली, "तो बोलता बोलता मध्येच उठून गेला. म्हणाला, म्हातारीने हाक मारली. माझा हात सोडला आणि मागे वळूनसुद्धा बघितलं नाही."

मी तिला घोंगडी गुंडाळली आणि आम्ही अंगणात बसलो. दारावर पडदा सोडला होता. दुपार होईपर्यंत आत जायचं नाही, त्यांना जेवू द्यायचं, ते मी पाळलं. एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एकदा कपाचा. सिल्केने माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, आत कोण आहे? मी म्हटलं, माझा नवरा आणि माझा मुलगा.

पडदा काढला तेव्हा सेगुंदोचं ताट होतं तसंच होतं, दर वर्षी असतं तसं. एलोयच्या खुर्चीखाली पाणी साचलं होतं, त्यात बारीक वाळू. आणि कोर्विचे सगळ्या बाजूंनी कुरतडलेले होते, नुसत्या कडा. मधला भाग ताटात तसाच. लहानपणी मी त्यावरून त्याला किती मारलंय. सेगुंदोचं ताट दर वर्षी शेजाऱ्यांना वाटते, पण हे मी कुणाला दिलं नाही. एकटीने बसून ते मधलं मधलं खाल्लं. कशालाच चव नव्हती.

संध्याकाळी लाउतारोकाका आणि गल्लीतली माणसं गेली आणि बोट सुलटी करून वर आणली. तिच्या फळ्यांचा क्रूस करतील, कबरीला जागा सेगुंदोशेजारी धरली आहे. पुरायला काही नाही, तर त्याची फाटकी टोपी पुरू म्हणतात. मी हो म्हटलं.

सिल्केची आई तिला न्यायला येते आहे. पोरीला ताप आहे, पण केस वाळलेत, आणि आज तिने दोनदा सूप मागून घेतलं. फक्त बोलणं सगळं गेलं. पाणी मागायला परत वही उघडते, शब्द बोटाने शोधते. बोटीपाशी कोण बसायचं विचारलं तर म्हणते, कोण बसायचं? सकाळी कपाळावर हात ठेवला तर डोळे उघडून मला म्हणाली, "धन्यवाद, सेन्योरा."

मला आता म्हातारे म्हणणारं कोणी उरलं नाही, नार्सिसा. चूल पेटवते तेव्हा धूर किनाऱ्याकडेच जातो, आणि मी बघत बसते.

काल तू तिकडे त्याच्यासाठी ताट मांडलं असशील, दर वर्षी मांडतेस हे मला माहीत आहे. ते तसंच राहिलं असेल तर वाईट वाटून घेऊ नकोस. तो इथे घरी होता. आधीची तीन वर्षं माझ्या पोराला तूच जेवू घातलंस, आणि मी तुझ्याशी बोलले नाही. जमलं तर एकदा ये. मला कुणीतरी हवंय गं, त्याच्याबद्दल बोलायला.

तुझी ताई,
रुफिना,
वारलेल्या एलोयची आई