अठरा हजार पावलं

३ जानेवारी, सकाळ ७.१०
आजपासून शिस्त. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या योजनेत मनगटाला पट्टा मिळालाय. पावलं, नाडी, ठिकाण, सगळं पुण्याला लेकीच्या, चैत्रालीच्या मोबाइलवर दिसतं. तिची अट: महिनाभर रोज चार हजार पावलं, तरच बदलापुरात एकटं राहायचं. नाहीतर पुणे. हे घर मी सोडणार नाही! आनंदनगर एमआयडीसीतल्या कारखान्यात तीनशे माणसं हाताखाली हलवली मी. चार हजार म्हणजे किस झाड की पत्ती.

संध्याकाळ
एकशे बारा. गुडघ्याचा काही प्रश्न नाही. चपला चुकीच्या आहेत.

५ जानेवारी
नवे शूज आणले. घालून बसायला छान आहेत. चैत्राली फोनवर म्हणाली, बाबा, जमत नसेल तर सांगा. जमत नसेल? मला?

६ जानेवारी
सुचलं! डेलिगेशन. आमच्या कामवाल्या जनाबाई दिवसभर सहा घरं करतात, जिने चढतात-उतरतात. चालतातच आहेत, तर माझा पट्टा घालून चालावं. संध्याकाळी वांगणीला घरी जाताना परत द्यायचा. ही लबाडी नाही, मॅनेजमेंट आहे.

११ जानेवारी
रोज अठरा हजार! चैत्राली म्हणाली, बाबा, कमाल आहे तुमची. मलाही अंग हलकं वाटतंय. भूक वाढलीय.

१६ जानेवारी
जनाबाई पट्टा न देताच पळाल्या. भाचीची हळद आहे. असू दे, एक दिवस.

संध्याकाळ ७.४०
चैत्रालीचा फोन. बाबा, कुठे आहात? म्हटलं, घरी, बातम्या बघतोय. ती रडायलाच लागली. तिच्या मोबाइलवर मी वांगणीत, नाडी दीडशे, एकाच जागी गोल गोल फिरतोय. हळदीला डीजे लावला असणार.

१७ जानेवारी
चैत्राली हजर. बरोबर योजनेच्या वैदेही मॅडम. बाबा भान हरपून भटकतात, असं दोघींचं ठरलं. शेवटी खरं सांगून टाकलं. पट्टा सकाळीच टेबलावर गुपचूप ठेवून जनाबाई भांडी घासत होत्या. विचारल्यावर चोरीचा आळ येईल म्हणून घाबरल्या. देवाशप्पथ, हे घड्याळ कधी हातात धरलं नाही, म्हणाल्या. मॅडमनी फॉर्मवर लिहिलं, 'गोष्टी रचून सांगतात.' रडू आलं मला. दहा दिवस खोटं बोललो तेव्हा केवढं कौतुक!

२४ जानेवारी, पुणे
एकट्याने खाली फेरी मारायला निघालो. वॉचमनने गेटवरून हात धरून परत आणलं. त्याच्या केबिनमध्ये माझा फोटो चिकटवलाय. खाली लिहिलंय, 'आजोबा एकटे दिसल्यास चौथ्या मजल्यावर आणून सोडावेत.'

फोटो मात्र चांगला आलाय.