व्हालफ्रेद्दाच्या लेकीला स्टॅनमोरचं घर

मी, डॉ. श्यामला दत्तात्रय कर्णिक, वय ७९, निवृत्त भूलतज्ज्ञ, राहणार स्टॅनमोर, लंडन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. छत्तीस वर्षं इंग्रजांना भूल दिली. शुद्धीवर कोण आहे आणि कोण नाही हे मला सॉलिसिटरपेक्षा चांगलं कळतं. आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत, विशेषतः २०११ चं. त्यात मी हे घर आमच्या स्नेहवर्धक मंडळाला दिलं होतं. हॉलवर नाव लागणार म्हणून हुरळले होते, दुसरं काय!

१. माझं राहतं घर, बागेतल्या शेडसकट, मी माझी सून रोझाना हिला एकटीला देते. मुलगा अंबरीश याला नाही. कारण लिहिणं कायद्याने बंधनकारक नाही, पण मला राहवत नाही.

रोझाना अमेरिकेतल्या व्हालफ्रेद्दा गावची. इटलीहून दगडाच्या खाणीत कामाला आलेल्या अकरा कुटुंबांना तिथे कोणी खोल्या देईना, म्हणून त्यांनी टेकडीवर आपलंच गाव वसवलं. पुढच्या शंभर वर्षांत लोकांना दाराबाहेर ठेवण्यात ते स्वतः पटाईत झाले. जत्रेला संताची मूर्ती खांद्यावर निघते, तो खांदा त्या अकरा घरांतलाच लागतो. अंबरीश तिथे अठरा वर्षं एकमेव डॉक्टर आहे. गावाला त्याच्या गोळ्या चालतात, खांदा चालत नाही.

हसू नका. १९७४ मध्ये इथे शेजारी हॅरोत आम्हालाही कोणी खोली देत नव्हतं. आम्ही नऊ कुटुंबांनी चर्चच्या हॉलमध्ये गणपती बसवला, आणि बघता बघता त्याच वळणावर गेलो.

२०१० साली दोघं गणपतीला इथे आली होती. रोझाना माझी हिरवी पैठणी नेसून आरतीचं तबक घेऊन उभी होती. सेक्रेटरी गिरीश कारखानीस पुढे आला. "सॉरी हं, पहिली आरती फाउंडर फॅमिलीजची. म्हणजे ब्लड फॅमिली. रूल आहे."

रूल आदल्याच आठवड्यात झाला होता. ड्राफ्ट माझा. त्याने मंडळातल्या सगळ्याच सुना बाद होत होत्या, पण कोणी हूं की चूं केलं नाही, कारण तो एकाच बाईसाठी होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी निरांजनाची वात सारखी करत बसले. अंबरीश मोबाइलमध्ये. तिने तबक गिरीशच्या हातात दिलं आणि किचनमध्ये जाऊन दोनशे माणसांच्या जेवणाची पातेली घासली.

गेल्या वर्षी मी व्हालफ्रेद्दाच्या जत्रेला गेले. रोझानाच्या काकाने अंबरीशला नेहमीप्रमाणे मागे, बायकांत चालायला सांगितलं. हा पुटपुटला, "जाऊ दे ना, रोझ." हा गुण माझा. ती मात्र भर चौकात म्हणाली, "त्याचा खांदा चालत नसेल, तर आमच्या घराचा एकही मिळणार नाही." तिचे भाऊ बाजूला झाले. मूर्ती तिरकी होऊन निघाली. काका अजून तिच्याशी बोलत नाही. मला इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

२. अंबरीशला माझी बचत. भांडायची धमकही द्यायची होती, पण ती माझ्याकडेच नव्हती.

३. मंडळाला मीटिंगांची जुनी रजिस्टरं. तो नियम माझ्याच अक्षरात आहे, बघून घ्या. शोकसभेत गिरीशने बोलू नये. तो "शी वॉज लाइक अ मदर" म्हणेल, आणि त्याची आई अजून ठणठणीत आहे.

४. रोझानाची माफी मी मागितलेली नाही. पंधरा वर्षं दर रविवारी फोन करते. हवामान, बीपी आणि नातीची शाळा, यापुढे जीभ रेटत नाही. मेल्यावर कागदातून मागणं म्हणजे तिला उत्तर द्यायची सोय न ठेवणं. भित्रेपणाच आहे हा. म्हणून सर्वांना बजावते: तिने घर घेतलं, तर तिने मला माफ केलं असा अर्थ कोणीही काढू नये.

वरील मजकूर वाचून, खाडाखोड न करता, दोघांच्या समक्ष सही केली.

(सही) श्यामला द. कर्णिक

साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमोर सही केली:
(सही) शशिकांत वैद्य
(सही) वरदा वैद्य
मंडळाचे सभासद, १९९८ पासून "नवीन".

स्टॅनमोर, १४ सप्टेंबर २०२५