कामथडीच्या चषकाचा इतिहास

शनिवार, १२ फेब्रुवारी १९३८, भोर

इतिहास आनंदराव वाचणार! कामथडीच्या माळावरच्या गोल्फ-चषकाचा इतिहास — आणि वाचणार आनंदराव! पहिल्या वर्षापासून उन्हात उभे राहून पुण्याच्या साप्ताहिकाला बातम्या मी धाडल्या. हे गृहस्थ परवापरवा मुंबईच्या दैनिकाचे बातमीदार झाले. पण क्लबाच्या साहेबाला इंग्रजी बोलणारा हवा. माझ्या संस्कृताने चेंडू भोकात जात नाही.

हिला सांगितले. म्हणाली, "त्यांना कोटही शोभतो हो!"

जेवण गेले नाही. वरणभात मात्र दोनदा घेतला.

रविवार, १३

खेळ काय, तर काठीने चेंडू हाणत नऊ भोकांत पाडायचा — आमच्या विटीदांडूचा श्रीमंत मावसभाऊ. मुंबई-पुण्याचे पगारी खेळाडू येतात. पण मला प्रिय ती शेवटच्या दिवसाची रीत. मागले विजेते ओळीने बसतात. इतिहास वाचताना ज्याचे नाव येईल त्याने उठून चषकाला हात लावायचा. मग गावकरी भंडारा उधळतात, चांदी पिवळी होते, साहेब नाक मुरडतो.

चौतीसचा विजेता कामथडीचाच सावळाराम. माळावरचे गवत कापता कापता शिकला आणि मुंबईकरांना हरवून बसला! पुढे गुऱ्हाळाच्या चरकात दोन बोटे गेली. आता काठी धरवत नाही. वर्षातून एकदा नाव पुकारतात, तेवढ्यापुरता तो खेळाडू.

त्याच्यावरचा माझा लेख पहिल्या पानावर आला होता. पहिल्या पानावरचा माझा एकुलता एक.

गुरुवार, १७

आनंदराव घरी! "शास्त्रीबुवा, जरा कान द्या. काही राहिलं असलं तर तुम्हीच सांगायचं."

वाचून दाखवले. मराठी — लिहिताना बोट दुखते — चांगले आहे. तेहेतीसचा पुणेकर झाला आणि एकदम पस्तीसचा पालीचा रायबा! चौतीस गायब. सावळाराम गायब! थांबून माझ्याकडे पाहिलेही.

मी म्हटले, "निर्दोष!"

होऊ दे भर सभेत फजिती. षड्रिपूंत मत्सर शेवटचा. माझ्याकडे तो पहिल्या नंबराने उत्तीर्ण.

शुक्रवार, १८

पण सावळारामाचे काय? त्याचा विचार उद्या.

शनिवार, १९

उद्या.

रविवार, २०

सर्व्हिस मोटारीने कामथडी. सावळाराम नव्या फेट्यात, पुढच्या रांगेत. मला पाहून गालात हसला — का, कोण जाणे.

आनंदरावांचा कोट खरोखरच शोभतो.

एकतीस, बत्तीस, तेहेतीस... आणि थांबले. एवढ्या सभेत फक्त माझ्याकडे पाहत राहिले. सावळारामही मान वळवून माझ्याकडेच! मी वाकून चपलेचा अंगठा तपासू लागलो. मागे कोणी खाकरले. अखेर आनंदरावच म्हणाले, "चौतीस — सावळाराम!" टाळ्या. भंडारा.

फजिती झालीच नाही. आयत्या वेळी सावरले — धूर्त!

सोमवार, २१

सकाळी सावळाराम दारात. हिने पाणी दिले. बसला नाही.

"बुवा, आमचं ठरलं व्हतं. आनंदराव म्हनलं, चौतीस मोकळं सोडतो, बुवा गप बसायचं न्हाईत, उठून तुझं नाव घेतील. मग त्येंनाच वर बोलवून पुढचं समदं त्येंच्याकडनं वाचून घेऊ. आधी सांगितलं तर न्हाई म्हनतील, लई मानी मानूस. साहेबाला काय कळतंय!"

 फेट्याला अजून भंडारा होता.

"माझ्यावर तुमी लिवलं व्हतं. म्हनून म्याबी म्हनलं, बुवांनीच नाव घ्यावं... का उठला न्हाई तुमी?"

मी म्हटले, "चपलेचा अंगठा तुटला होता रे."

हिने कोपऱ्यातल्या चपलांकडे पाहिले. मग माझ्याकडे.