डोळा लागला नव्हता

५ मे, सांगली, दुपार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. बायकोला, राणीला तर नाहीच.

ऑफिसात शेठच्या मुलाने, यशराजने, सगळ्या ड्रायव्हरांना बसवून नवे नियम सांगितले. दिवसाला आठ तास गाडी. पाच तास झाले की मध्ये अर्धा तास थांबायचं. आठ तास भरले की असाल तिथे गाडी बाजूला, आणि झोप. केबिनमध्ये काचेला कॅमेरा बसवलाय. डोळे मिटले की त्यातली बाई ओरडते, "ड्रायव्हर, सावधान!" आणि ऑफिसात डुलकी म्हणून नोंद होते.

मी उभा राहून सांगितलं की माझ्या आख्ख्या सर्व्हिसमध्ये मला एकदाही डुलकी लागलेली नाही. सगळे हसले. कशाला, ते कळलं नाही.

६ मे, जत, घरी
मोठी बातमी. मुलीच्या, सृष्टीच्या शाळेची नवी बस येतेय आणि ड्रायव्हर पाहिजे. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. रोज घरी जेवण. हेडसर म्हणाले, महिनाभराचा कॅमेऱ्याचा रिपोर्ट आणा, एकही डुलकी नको. आधीच्या ड्रायव्हरने बस ओढ्यात उतरवली होती म्हणे. आत पोरं नव्हती म्हणून निभावलं.

राणी म्हणाली, आवं, येवढं एक कराच. लगीन झाल्यापास्नं तुमी पावण्यावानी येताय आन् जाताय. सृष्टीने शाळेत 'माझे पप्पा' म्हणून ट्रक काढलाय. ट्रक हुबेहूब आहे, आत माणूस नाही. जागा पुरली नसेल.

संकल्प: विश्रांतीच्या वेळेत फक्त विश्रांती. मोबाइल बंद, गप्पा बंद, तंबाखू अर्धी. एक महिना म्हणजे काय, चुटकीसरशी जाईल.

८ मे, खंडाळा, सकाळी अकरा
वापीला बेदाणा उतरवून परत निघालो. आठ तास बरोबर खंडाळ्यात, खंबाटकी घाटाच्या अलीकडे संपले. घर अजून अडीचशे किलोमीटर. आता गाडी चालू केली तरी ऑफिसला कळतं. पार्किंगमध्ये आम्ही सगळे कोंडवाड्यातल्या गुरांसारखे. पत्रा तापलाय. आमच्याच कंपनीतला मेढ्याचा सोपान शेजारच्या गाडीत पडदे लावून केव्हाच घोरायला लागला. झोपेच्या बाबतीत त्याचा स्वभावच आळशी.

मी पण झोपतो. आधी गाडी पुसून घेतो.

८ मे, खंडाळा, संध्याकाळी सात
झोपायला वेळ मिळाला नाही. गाडी पुसली, ताडपत्रीची दोरी बदलली. चहाच्या टपरीवरच्या साळूबाईचा पाण्याचा बॅरल हलवून दिला. मग जरा आडवा झालो आणि पाच मिनिटांसाठी मोबाइल उघडला. एक माणूस जेसीबीने विहीर काढत होता. पाणी लागतं का नाही, एवढंच बघायचं होतं. तो व्हिडिओ भाग एक निघाला. भाग सव्वीस झाला तरी पाणी लागलेलं नाही.

विश्रांती संपली. निघतो. एकदम फ्रेश.

९ मे, जत
कॅमेरा बोगस आहे. खंबाटकी ते कराड बाई सहा वेळा ओरडली. मी डोळे मिटले हे खरं, पण डोळा लागला नव्हता. डोळे मिटणं वेगळं, डोळा लागणं वेगळं. हे मशीन बनवणाऱ्याला मराठी येत नसणार. शिवाय माझे डोळे मुळातच बारीक, वडिलांवर गेलेत.

महिना कुठल्या तारखेपासून धरायचा हे हेडसर बोललेच नव्हते. बारापासून धरतो.

१२ मे, जत, सकाळ
चूक सापडली. गाडीत नवी वस्तू आली आणि तिची पूजा नाही! मग ती कशी साथ देणार? आज नारळ फोडला, अगरबत्ती लावली. बिरोबाचा भंडारा तेलात कालवून कॅमेऱ्याला टिळा लावला. त्याला कपाळ कुठे ते कळेना. मधोमध एक काळा गोल होता, त्यावरच ठसठशीत लावला.

१३ मे, खंडाळा
चमत्कार. जाताना एकदाही बाई ओरडली नाही. तिला माझी ओळख पटली. भंडाऱ्याची ताकद आहेच, पण माझी शिस्तही म्हणायला पाहिजे.

२१ मे, खंडाळा, दुपार
आज विश्रांतीत व्यायाम करायचं ठरवलं. चटई अंथरली. तेवढ्यात दोन ड्रायव्हरांचं साइड देण्यावरून भांडण लागलं. मी मध्यस्थी केली नसती तर मिटलं असतं असं सोपान म्हणाला. त्याला समाजकार्याचं काही नाही.

विहिरीचा भाग एकाहत्तर. खडक लागलाय.

२६ मे, सांगली
डुलक्या शून्य. शरीराला झोपेची गरज नसते, सवय असते, असं माझं मत झालंय. ड्रायव्हिंग इतकं स्मूथ झालंय की खंबाटकी उतरलो आणि एकदम कासेगावच आलं. मधलं कराड कुठे गेलं, आठवत नाही. नेर्ल्याजवळ गाडी आपोआप साइडपट्टीवर गेली. अलाइनमेंट बघून घ्यायला पाहिजे.

३ जून, खंडाळा
सोपान म्हणाला, गड्या, आरशात बघ जरा, डोळं मिरचीवानी लाल झाल्यात. आठ तास कंपनी फुकट झोपू देती, झोप की रं. मी म्हणालो, माझा रिपोर्ट बघ, मग बोल. त्याच्या दोन डुलक्या आहेत. माझी एकही नाही. त्याने पडदे ओढून घेतले. माणसाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

कधी कधी मात्र केबिनमध्ये बसल्या बसल्या जीव गुदमरतो. पुढे जाता येत नाही, मागे जाता येत नाही, झोपही येत नाही. हे नऊ दिवस गेले की सुटलो.

१२ जून, सांगली, सकाळ
महिना पूर्ण! यशराजने सगळ्यांसमोर हात मिळवला. म्हणाला, आदर्श ड्रायव्हर. रिपोर्टवर सही-शिक्का मारून दिला. राणी एस.टी.ने मुद्दाम आली होती. बसवरच्या ड्रेससाठी पांढरं कापड घेतलं. जतला पेंड पोचवायची आहे, तर म्हटलं बस गाडीत. लग्नानंतर पहिल्यांदाच ती माझ्या शेजारी केबिनमध्ये. फार बरं वाटतंय.

१२ जून, जत, संध्याकाळ
राणीच्या हाताला गुण नाही. बसल्या बसल्या तिने पदराने डॅशबोर्ड पुसला, आरसा पुसला, आणि म्हणाली, आवं, ह्याच्यावर काय भंडाऱ्याचं लिपण केलंय. एवढं म्हणून कॅमेराही लख्ख पुसला. झालं, चांगलं चाललेलं मशीन बिघडलं. मिरज सोडेपर्यंत बाई चार वेळा ओरडली. राणीने विचारलं, ही अशी का वराडती. मी म्हणालो, तू पुसलंस म्हणून.

कवठेमहांकाळच्या पुढे रस्त्यात मेंढरं आली. डोळा लागला नव्हता. ऊन तोंडावर होतं. राणी किंचाळली आणि तिने स्टेअरिंगच ओढलं. गाडी बाभळीत गेली. मेंढरं सगळी वाचली. मेंढक्याने मात्र मराठीत आणि वर कानडीतही माझी आई-बहीण काढली.

जत येईपर्यंत राणीने रस्त्यावरची नजर काढली नाही. दोन्ही हातांनी दांडा धरून बसली होती. प्रवासाची सवय नाही.

१३ जून, जत
रिपोर्ट दिला. हेडसर खूश. सोमवारपासून या म्हणाले. आख्ख्या गल्लीला सांगितलं. राणीने गोड काही केलं नाही. साखर संपली असेल.

१५ जून, जत
पांढरा ड्रेस घालून शाळेत गेलो. बसमध्ये दुसराच माणूस बसला होता. हेडसरांनी बाजूला घेतलं. म्हणाले, काल तुमच्या मिसेस घरी आल्या होत्या. म्हणाल्या, सर, माजा नवरा वाईट न्हाई. पर तेंच्या हातात गाडी दिऊ नगा. त्या बसमदी माजी पोर बसणार हाय.

घरी येऊन ओरडलो. तुझ्यासाठीच तर केलं सगळं! राणी भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, तुमी न्हाईसा तरी मी इतकी वर्सं ऱ्हायले. ती नसली तर मला ऱ्हाता येनार न्हाई.

मी पांढरा ड्रेस काढून घडी घालून ठेवला.

१८ जून, खंडाळा, दुपार
आठ तास संपले. पुन्हा तीच जागा. यशराजने कॅमेरा बदलून दिलाय. कालपासून बाई नऊ वेळा ओरडली.

घरी फोन केला. सृष्टीने उचलला. बसचा नवा ड्रायव्हर कसा आहे, विचारलं. म्हणाली, लय भारी हाय पप्पा. कुणासंगं बोलत न्हाई, हसत न्हाई, नुस्ता म्होरं बघतोय. मम्मी म्हनती, आता मला घोर न्हाई.

बरं झालं, म्हणालो. फोन ठेवला. फार वाईट वाटलं.